फाळक्यांचा वाटाणा आणि आपल्या वर्गातला मोबाईल



आज पाठ नाही, निबंध नाही. तंत्रज्ञान, चित्रकला, जुना सिनेमा आणि इंटरनेटवर सापडणाऱ्या गमती यांबद्दल थोडं बोलायचं आहे. विषय अवांतर वाटेल, पण शेवटी आपण वर्गातच येऊन पोहोचणार आहोत.

शाळेत मोबाईल हा विषय निघाला की आपल्यात लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, जग कुठं चाललंय आणि आपण अजून खडू-फळ्यात अडकलोय, मुलांना डिजिटल करा. दुसरा गट म्हणतो, मोबाईलनं पोरं वाया चालली, आधी तो हातातून काढा. पालकसभेत तर दोन्ही वाक्यं एकाच पालकाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतरानं ऐकायला मिळतात. "मॅडम, याला मोबाईलवर अभ्यास द्या," आणि लगेच, "मॅडम, याला मोबाईल पाहू नका म्हणून तुम्हीच सांगा, आमचं तं ऐकतच नाही."

मला वाटतं, दोन्ही गट मोबाईलच्या एकाच बाजूबद्दल भांडतात. पडद्याबद्दल. पडदा किती वेळ पाहायचा, काय पाहायचं, कोण दाखवणार. पण मोबाईलला दुसरी बाजू आहे, मागची. तिथे एक भिंग आहे. त्या बाजूबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही.

कॅमेरा उघडतो कशासाठी?

स्वतःलाच विचारून पाहा. शाळेच्या वेळेत तुमच्या मोबाईलचा कॅमेरा सगळ्यात जास्त कशासाठी उघडतो? वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. जयंती झाली, फोटो पाठवा. पोषण आहार वाटला, फोटो पाठवा. प्रशिक्षणाला बसलो, फोटो पाठवा. मुलं ओळीत, मागे फलक, हातात रोप, आणि सगळ्यांच्या नजरा रोपाकडे नाही तर मोबाईलकडे. फोटो निघाला की रोप खाली ठेवायचं आणि वर्गात जायचं.

हा फोटो पुराव्याचा आहे. त्याची गरज नाही असं मी म्हणत नाही. सरकारी काम आहे, नोंद ठेवावीच लागते. पण मुलं आपल्याकडे पाहून शिकतात. मोठी माणसं कॅमेरा कशासाठी वापरतात? "आम्ही हे केलं" असं दाखवण्यासाठी. मग मूलही तेच शिकतं. घरी सेल्फी, शाळेत पुरावा. "हे नीट पाहू या" म्हणून कॅमेरा उघडताना मुलानं मोठ्या माणसाला पाहिलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्राथमिक शाळेत मोबाईलचा पडदा कमी आणि भिंग जास्त वापरलं पाहिजे. दाखवण्याचं यंत्र म्हणून नाही, पाहण्याचं यंत्र म्हणून. आणि हे काही माझं नवं डोकं नाही. शंभर वर्षांहून आधी आपल्याच मराठी माणसानं हे करून दाखवलंय.

एका कुंडीतला सिनेमा

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. ३ मे १९१३, मुंबईचं कोरोनेशन थिएटर, पहिला भारतीय कथाचित्रपट. सामान्यज्ञानाच्या वहीत एवढं असतंच. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी एक छोटासा चित्रपट केला होता, तो मला 'हरिश्चंद्रा'पेक्षाही शिक्षकांच्या जास्त जवळचा वाटतो. त्याचं नाव 'अंकुराची वाढ'. नट नाही, नटी नाही, राजवाडा नाही. एक कुंडी, त्यात पेरलेला वाटाणा (म्हणजे आपल्या नागपूरकडचा मटर), समोर कॅमेरा. बी उगवते, कोंब येतो, वेल वर चढते. बस्स.

हा चित्रपट त्यांनी हौसेसाठी केला नव्हता. मोठा चित्रपट काढायचा तर पैसा हवा, आणि पैसेवाल्यांना हे यंत्र काय करू शकतं ते पटवायचं होतं. विचार करा, पैसा लावणाऱ्या माणसाला पटवायला त्यांनी काय निवडलं? नाच नाही, मारामारी नाही. जे रोज डोळ्यासमोर घडतं पण डोळ्यांना दिसत नाही, ते. मला तर ही परिसर अभ्यासाची जगातली सगळ्यात सुंदर पाठतयारी वाटते.

फाळक्यांचा त्याआधीचा प्रवासही पालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रं काढली, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रं काढायचं काम केलं, शिळाप्रेसवरची छपाई केली, जादूचे प्रयोगसुद्धा शिकले. आजच्या भाषेत बोलायचं तर "याचं एका ठिकाणी लक्षच लागत नाही" अशी तक्रार पालकसभेत झाली असती. आणि चाळिशी गाठल्यावर मुंबईत गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला तेव्हा ही सगळी सुटी-सुटी कामं एकत्र आली. चित्रकार होते म्हणून चौकट कळत होती, फोटोग्राफर होते म्हणून प्रकाश कळत होता, छपाई केली होती म्हणून रसायनं कळत होती, जादू येत होती म्हणून पडद्यावर देव अंतर्धान पावू शकला. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले आणि कॅमेरा घेऊन आले. कला आणि तंत्रज्ञान हे दोन वेगवेगळे तास आहेत हे फाळक्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या वेळापत्रकात मात्र ते वेगळे आहेत, आणि परीक्षा जवळ आली की त्यातला कलेचा तास गणिताच्या पोटात जातो.

यात सरस्वतीबाई फाळक्यांना विसरून चालणार नाही. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडून मिळत नसत. ती अंधारात बसून पाडावी लागायची, आणि ते काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायची रसायनं तयार करणं, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडणं आणि वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. "मॅडम, मला मोबाईलमधलं काही समजत नाही," असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगते. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक जण घर सांभाळणारी बाई होती.

इंटरनेटवरची गंमत: हिशोब जुळत नाही!

आता गणित. 'अंकुराची वाढ'बद्दल इंटरनेटवर शोधलं तर ठिकठिकाणी एकच गोष्ट वाचायला मिळते. फाळक्यांनी महिनाभराहून जास्त दिवस रोज एक चित्र घेतलं आणि त्यातून एक मिनिटाहून थोडा मोठा चित्रपट तयार झाला. एका संकेतस्थळावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असं हे वाक्य फिरत असतं. छान वाटतं, आपणही पुढे पाठवतो.

पण पाचवीच्या मुलांना हे उदाहरण म्हणून देऊन पाहा. मूकपटाच्या काळी साधारण एका सेकंदाला १६ चित्रं पडद्यावरून जायची. मग एका मिनिटाला किती? १६ गुणिले ६०, म्हणजे ९६०. रोज एकच चित्र घेतलं तर ९६० चित्रं घ्यायला ९६० दिवस लागतील, अडीच वर्षांहून जास्त! मटर एवढे दिवस कुंडीत जगत नाही. उलट, महिनाभर रोज एकच चित्र घेतलं तर ३० चित्रं झाली, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाही.

म्हणजे "रोज एक", "महिनाभर" आणि "एक मिनिट" या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. महिन्यात एक मिनिटाचा चित्रपट करायचा तर रोज ३२ चित्रं हवीत. आणखी एक गंमत. त्या काळच्या हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात दांडा नेहमीच्या पद्धतीनं एकदा फिरवला की ८ चित्रं निघायची. ३२ भागिले ८, म्हणजे रोज चार फेरे. मुलांना फळ्यावर दांडा काढून दाखवा, गुणाकार-भागाकार आपोआप होतो.

हे सांगण्यात फाळक्यांचं मोठेपण कमी करायचा हेतू नाही, काडीचाही नाही. उलट त्यांनी किती खटपट केली असेल ते आकड्यांवरूनच कळतं. मला सांगायचं ते हे की इंटरनेटवरचं वाक्य तपासायला दर वेळी मोठं ज्ञान लागत नाही. कधी कधी पाचवीचं गणित पुरतं. "हे खरं आहे का?" या प्रश्नाला मूल "गूगलवर आहे" असं उत्तर देतं, तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल द्यावी. पन्नास ठिकाणी लिहिलंय म्हणून गोष्ट खरी होत नाही. पन्नास जणांनी एकाच्याच वहीतून उतरवलेलं असू शकतं, आणि वर्गात असं उतरवलेलं गृहपाठ आपण लगेच पकडतो की नाही? चूकसुद्धा सारखीच असते!

वर्गात करून पाहिलेली गोष्ट

चौथीच्या वर्गात आम्ही मटरऐवजी वाल लावले. वालाचं बी मोठं असतं, मुलांच्या हातात येतं, लवकर उगवतं. पाण्याची बाटली अर्धी कापली, माती भरली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मोबाईल रोज त्याच जागी यावा म्हणून कट्ट्यावर खडूनं चौकोन आखला आणि खाली जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. परिपाठ झाला की एक फोटो. रोजची जबाबदारी वेगळ्या मुलाची, हजेरीच्या क्रमानं. मोबाईल एकच, माझा, विमान चिन्ह लावून, म्हणजे मध्येच घंटी नाही आणि दुसरं काही उघडत नाही.

तीन आठवड्यांत फोटो झाले १७. गॅलरीत बोटानं भराभर सरकवले की झाडाचा सिनेमा. चार-पाच सेकंदांचा. मुलांनी तो किती वेळा पाहिला ते मोजणं मी सोडून दिलं. पण खरी गंमत पाहण्यात नव्हती, प्रश्नांत होती.

पहिली गोष्ट एका मुलीच्या लक्षात आली: "मॅडम, हे खिडकीकडे वाकून राह्यलं." मग वर्गात चर्चा. एकानं सुचवलं, बाटली फिरवून ठेवू. फिरवली. चार दिवसांत झाड पुन्हा वळलं. झाड उजेडाकडे वाढतं हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपतं. इथं त्यासाठी वर्ग चार दिवस वाट पाहत होता.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. सिनेमात झाड मध्येच उडी मारायचं. एकदम उंच व्हायचं. काऊन? मुलांनीच शोधलं: तो सोमवार होता. रविवारी शाळा बंद, फोटो नाही. म्हणजे झाडानं उडी मारली नव्हती, आपणच पाहिलं नव्हतं. मला वाटतं, माहितीत खंड पडला की काय होतं हे याहून सोप्या रीतीनं मी कधीच शिकवू शकले नसते. आलेख पुढे सहावी-सातवीत काढतील, तेव्हा हा सोमवार त्यांना आठवेल.

यात खर्च किती? वालाचे चार दाणे, एक टाकाऊ बाटली आणि रोजचं एक मिनिट. डेटा शून्य. हा मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. कामठीत हातमाग-यंत्रमाग, विडी, रोजंदारी यांवर चालणारी घरं आहेत. घरात मोबाईल एकच असतो आणि तो बाबांबरोबर सकाळी कामावर जातो. अशा मुलाला मोबाईलवर गृहपाठ देणं म्हणजे त्याला सांगणं, की तुझ्या घरी नाही ते माझ्या वर्गासाठी गरजेचं आहे. भिंगाच्या उपक्रमाला मात्र चाळीस मुलांत एक मोबाईल पुरतो. तो शाळेत असतो आणि कुणी मागे राहत नाही.

काड्यांची करामत

फाळक्यांची आणखी एक गोष्ट. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप सरकतात, जुळतात, आकार करतात. युक्ती साधी: काडी थोडी सरकवा, चित्र घ्या, पुन्हा थोडी सरकवा, पुन्हा चित्र. आज मुलं जी कार्टून पाहतात त्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

आपण वर्गात आगकाड्या नकोत. चिंचोके, बटणं, खडूचे तुकडे, बांगड्यांचे तुटके तुकडे चालतात (काचेचे सोडून). मोबाईल दोन बाकांच्या मध्ये पालथा ठेवा, खाली चार्टपेपर. चिंचोक्यांचा साप करायचा असेल तर ५०-६० फोटो लागतात. पहिल्यांदा मुलं हात चौकटीतच ठेवतात, मग सिनेमात हात दिसतो, मग आपोआप नियम ठरतो: हात बाहेर, मगच फोटो. रांग, शिस्त, वाटून काम करणं, यावर मला एक शब्दही बोलावा लागला नाही. आणि एरवी वाचताना मागे बसणारा एक मुलगा साप वळवण्यात सगळ्यांपेक्षा तरबेज निघाला. त्याला किती सरकवायचं ते डोळ्यांनीच कळत होतं. कलेचा तास गणिताला दिला असता तर हे मला कळलंच नसतं.

याचा जगातला मोठा भाऊही मुलांना दाखवता येतो. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, हा एकोणिसाव्या शतकात वादाचा विषय होता. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं धावपट्टीच्या कडेनं १२ कॅमेरे लावले आणि दाखवून दिलं की हो, सुटतात. त्याआधीच्या कितीतरी चित्रांत धावता घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला काढलेला असायचा. चित्रकारांचे डोळे चांगलेच होते, पण डोळ्यांचा वेग कमी पडत होता. ती घोड्याची हलती चित्रं आज इंटरनेटवर सहज मिळतात. दाखवण्याआधी मुलांना धावता घोडा काढायला सांगा, मग दाखवा, मग पुन्हा काढायला सांगा. दोन चित्रांमधला फरक म्हणजे त्या दिवसाचं शिकणं.

"पण मॅडम..."

आता तुमच्या मनातल्या शंका. मला रोज विचारल्या जातात त्याच घेते.

"एवढी खटपट कशाला? यूट्यूबवर बी उगवतानाचे शेकडो व्हिडिओ आहेत." आहेत, आणि आपल्या सिनेमापेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. मीही दाखवते. पण नंतर दाखवते. आधी तो व्हिडिओ दाखवला तर मुलं म्हणतात, "छान आहे, पुढचा लावा." स्वतः तीन आठवडे वाट पाहिल्यावर दाखवला तर विचारतात, "मॅडम, यांनी रविवारी फोटो कसा काढला?" एकच व्हिडिओ, पण पाहणारं मूल बदललेलं असतं.

"आता तर एक वाक्य लिहिलं की कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र काढून देते, व्हिडिओसुद्धा करून देते." खरंय. म्हणून तर स्वतः पाहण्याची गरज वाढली. यंत्रानं करून दिलेल्या वालाच्या झाडाला चुकीची पानं आली तर ते कोणाला कळणार? ज्यानं खरं झाड रोज पाहिलंय त्याला. बाकीच्यांना दोन्ही सारखीच सुंदर दिसणार. पुढे आपल्या मुलांना खऱ्या-खोट्या चित्रांच्या बाजारातच राहायचं आहे. त्यांच्याकडे तुलना करायला निदान काही खऱ्या गोष्टी असू द्या.

"डोळे खराब होतात." ही काळजी खोटी नाही. फाळक्यांनीच सिनेमाच्या नादात रोज तासन्‌तास चित्रपट पाहिले, प्रयोग केले, झोप घेतली नाही, आणि काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली होती. डॉक्टरांच्या उपचारांनी ती सुधारली. म्हणून मी पालकांना हेच उदाहरण देते. पाहण्याचा अतिरेक एवढ्या मोठ्या माणसालाही सोसला नाही. पण रोज एक फोटो काढायला दहा सेकंद लागतात. उरलेला वेळ मूल झाडाकडे पाहतं, पडद्याकडे नाही.

"वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रम, चाचण्या, ऑनलाईन माहिती..." ही शंका सगळ्यात खरी आहे, कारण ती माझीही आहे. पण मोजून पाहिलं तर वर हिशोबाचा एक तास गणिताचा झाला, वाल परिसर अभ्यासाचा झाला, साप कला आणि कार्यानुभवाचा झाला, आणि "आमच्या झाडाची रोजनिशी" हे मराठीचं लेखन झालं. वेगळा वेळ नाही लागला. उपक्रमाचा फोटो पाठवायचाच असतो ना? मग हेच फोटो पाठवा! पुराव्यालाही चालतात.

गूगलवर आपलं गाव

शेवटची एक इंटरनेटची गंमत, आपल्या कामठीची. "कामठी" लिहून चित्रं शोधली की सगळ्यात आधी काय दिसतं? ड्रॅगन पॅलेस. दिसायलाच हवं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं १९९९ मध्ये उभं राहिलेलं ते बुद्ध मंदिर आणि त्यातली चंदनाची मूर्ती पाहायला दुरून लोक येतात. आपल्याला अभिमान आहेच. पण एका मुलानं विचारलं, "मॅडम, आमचा मोहल्ला काऊन नाही दिसत?"

उत्तर सोपं आहे, तरी मुलांना ते कळायला वेळ लागतो. इंटरनेट म्हणजे जग नाही. कुणीतरी उठून, पाहून, लिहून, फोटो काढून तिथं ठेवलं तेवढंच जग तिथं आहे. जे कुणी ठेवलं नाही ते तिथं नाही, पण म्हणून ते नव्हतंच असं होत नाही. फाळक्यांचंच पाहा. त्यांच्या एवढ्या चित्रपटांपैकी आज फार थोडे उरले आहेत, 'राजा हरिश्चंद्रा'चीही काही रिळंच उरली. नीट जपून ठेवणारं कुणी नसलं की एवढ्या मोठ्या माणसाचं काम असं जातं. मग आपल्या गल्लीचं काय?

याच कामठीत १९०४ मध्ये बाबू हरदास एल. एन. जन्मले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. विडी कामगारांसाठी त्यांनी काम केलं, १९३७ च्या निवडणुकीत ते आमदार झाले आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात गेले. आज देशभर लाखो लोक रोज जो शब्द उच्चारतात, त्याचा संबंध आपल्या गावाशी आहे. वर्गात विचारून पाहा, किती मुलांना माहीत आहे. शब्द सगळ्यांना माहीत असतो, माणूस थोड्यांना. छावणी १८२१ ची, म्हणजे दोनशे वर्षं उलटून गेली. कन्हानचा पूल, जुन्या बाजारातली लाकडी कामाची घरं, मागाचा खटखटाट, तेंदूपानं कापायच्या कात्र्या, आजीचा विडी वळायचा हात. यांतलं किती कुठं नोंदलेलं आहे?

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यात कुणालाही भर घालता येते. चौथीच्या मुलांनी लगेच लेख लिहावेत असं मी म्हणत नाही. पण आजीला विचारून पाच वाक्यं लिहिणं, कात्रीचं चित्र काढणं, मागाचा आवाज अर्धा मिनिट मोबाईलमध्ये साठवणं, हे तर होतं. शाळेत एक फाईल, एक पेनड्राइव्ह, एवढ्यावर सुरुवात होते. तिथून पुढे काय सार्वजनिक करायचं ते मोठ्यांनी ठरवावं. एक नियम मात्र पक्का ठेवा: वस्तूंचे फोटो खुशाल, मुलांचे चेहरे इंटरनेटवर नाही. आणि आजीचा आवाज घेताना आजीला विचारून.

तर सांगायचं काय?

मोबाईल चांगला की वाईट, हा निबंधाचा विषय आपण मुलांना बरीच वर्षं दिला. फायदे पाच, तोटे पाच, शेवटी "अति तिथे माती". मुलं तो पाठ करून लिहितात, आणि पेपर संपला की घरी जाऊन रील पाहतात. त्या निबंधानं काही बदललं नाही, बदलणारही नाही. कारण मोबाईलचा तिसरा उपयोग मुलानं कधी केलेलाच नसतो.

म्हणून शिक्षकांना विनंती. या महिन्यात एक बी लावा आणि रोज एकच फोटो घ्या. मोठा प्रकल्प नको, अहवाल नको, फलक नको. सोमवारी झाड उडी मारतं का, ते मुलांना शोधू द्या.

पालकांना विनंती. मुलानं मोबाईल मागितला तर कधी कधी देताना म्हणा, "घे, पण मला एक गोष्ट दाखव जी मी रोज पाहतो आणि मला दिसत नाही." मुंग्यांची रांग असेल, सायंकाळची लांब सावली असेल, दूध उतू जातानाचा एक क्षण असेल. तो फोटो कुणाला पाठवू नका, त्यावर लाईक मागू नका. मुलाच्या बाजूला बसून पाहा, आणि त्यानं जे पाहिलं ते त्याला दोन वाक्यांत सांगू द्या. तुमच्याही डोळ्यांना काहीतरी नवं दिसेल.